काळ्या मातीची परीक्षा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पावसाळ्यात कपाशीवर औषधांचे फवारे सुरू झाले की, कीड किती मेली याचा हिशेब लगेच होतो. जमिनीतील गांडुळांचे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न आयुष्यभर लावून धरणाऱ्यांत सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

1873 साली इंग्लंडातील एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजचे शिक्षण आटोपून ते 1899 साली वेस्ट इंडीजमध्ये बुरशीतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. मळेवाल्यांना रोगांवर सल्ला द्यायचा. पण तो सल्ला कसून पाहण्यास स्वतःच्या हाती वीतभरही जमीन नाही, ही विसंगती त्यांना बोचत राहिली. 1905 साली बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत आल्यावर त्यांना पाऊणशे एकर जमीन मिळाली. तेथे त्यांनी भोवतालच्या शेतकऱ्यांनाच गुरू केले, रसायनांना फाटा दिला आणि कीड हा शत्रू नसून मशागतीतील चूक दाखविणारी खूण आहे, अशा मतास ते आले.

बियाणे, कीड, माती यांची खाती वेगवेगळी असल्याने पिकाचा अखंड विचार कोणीच करीत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यातूनच 1924 साली होळकर दरबाराने दिलेल्या 300 एकरांवर इंदूरची संस्था उभी राहिली. जमीन मराठवाड्यासारखीच काळी, कपाशीची. काडीकचरा, शेण, मूत्र मुरलेली माती व राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची इंदूर पद्धत येथेच सिद्ध झाली. या कामात त्यांना साथ देणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ पत्नी गॅब्रिएल 1930 साली निवर्तल्या. पुढील वर्षी हॉवर्ड यांनी भारत सोडला. 1947 साली त्यांचे निधन झाले.

त्यांचे सारेच निष्कर्ष टिकले नाहीत. इंग्लंडात रोदमस्टेड येथे 1843 पासून चाललेल्या प्रयोगात केवळ रासायनिक खतांवरही गहू दशकानुदशके उत्तम पिकला. परंतु हॉवर्ड यांचा मूळ आक्षेप परीक्षेच्या पद्धतीवर होता, आणि तो आजही खोडता येत नाही.

गांडुळांवरील विषपरीक्षेची आंतरराष्ट्रीय पद्धत 1984 साली ठरली. वाळू, चिकणमाती आणि दलदलीतील कुजलेले शेवाळ यांच्या कृत्रिम मातीत औषध मिसळायचे, उकिरड्यात वाढणाऱ्या जातीची गांडुळे सोडायची आणि 14 दिवसांनी जिवंत किती ते मोजायचे. औषधांची आपसांत तुलना करण्यास ही पद्धत आवश्यकच आहे. मात्र उन्हाळ्यात भेगाळणारी, चुनखडीयुक्त काळी माती आणि एकाच हंगामात पाठोपाठ होणारे निरनिराळे फवारे यांचे उत्तर त्या बरणीत सापडणार नाही. त्यासाठी रानातच, हंगामामागून हंगाम परीक्षा घेतली पाहिजे. सल्ला देणाऱ्याच्या पायाखाली स्वतःची जमीन हवी, हा हॉवर्ड यांच्या आयुष्याचा धडा आहे. कारण परीक्षा अपुरी राहिली तर तिची किंमत सल्लागार नव्हे, शेतकरी मोजतो.