वेषांतरातील पोलीसप्रमुख

मुंबईत ताडदेवनजीक फोर्जेट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. ज्या चार्ल्स फोर्जेटचे हे नाव, तो १८५५ मध्ये शहराच्या पोलिसांचा प्रमुख झाला, तेव्हा त्या खात्याची अब्रू फारशी शिल्लक नव्हती. जेम्स टॉड आणि चार्ल्स ब्रिस्को या पूर्वीच्या प्रमुखांवर अनुक्रमे १७९० व १८१० मध्ये भ्रष्टाचाराचे खटले झाले होते. प्रमुखाचेच हात बरबटलेले, तेथे चौकीवरच्या शिपायाला कोण जाब विचारणार?

फोर्जेट भारतातच वाढलेला, मिश्र वंशाचा. देशी भाषा तो बाजारी बोलीच्या बारकाव्यांसह बोले आणि देशी वेष त्याला सहज शोभे. वेष पालटून तो वस्त्यांतून हिंडे व कागदी अहवालांत न येणारे स्वतः पाही. ही करडी नजर चोरांइतकीच स्वतःच्या हाताखालच्या माणसांवरही होती. खाते सुधारले ते यामुळे.

परंतु हीच विद्या १८५७ मध्ये निराळ्या कामी आली. सोनापूर भागात गंगाप्रसाद नावाच्या इसमाच्या घरी देशी शिपायांच्या गुप्त बैठका होत. दिवाळीत उठाव करण्याचा त्यांचा बेत होता. लष्करी अधिकाऱ्यांचा आपल्या पलटणींवर गाढ विश्वास. फोर्जेटने मेजर बॅरो या सेनाधिकाऱ्यालाच तेथे नेले आणि भिंतीच्या छिद्रांतून त्याचे शिपाई त्याला दाखविले. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन व मंगल गडिया यांना एस्प्लनेडच्या मैदानात तोफेच्या तोंडी देण्यात आले. शहर शांत राहिले, व्यापारी त्याचे ऋणी झाले. त्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ती सचोटी परक्या राज्याच्या चाकरीत होती, आणि स्वच्छ झालेले पोलीस दल त्या राज्याला अधिकच उपयोगी ठरले. फोर्जेटच्या कौतुकात हा भाग सहसा ओझरता येतो.

शहराच्या नगरव्यवस्थेतही त्याचा हात होता. किल्ल्यातील ‘बॉम्बे ग्रीन’ या उजाड मैदानाचे वर्तुळाकार चौकात रूपांतर करण्याची कल्पना त्याचीच. एल्फिन्स्टन सर्कल म्हणून वसलेल्या त्या जागेला आज नाव आहे ते १९१९ मध्ये सरकारने हद्दपार केलेल्या संपादक हॉर्निमन यांचे!

१८६४ मध्ये फोर्जेट निवृत्त होऊन इंग्लंडला गेला. त्याच्या जागी फ्रँक साउटर आला. हिंदुस्थानातील राज्याला खरा धोका कोणता, यावर फोर्जेटने पुढे एक पुस्तक लिहिले. १८९० मध्ये तो वारला.