हाफकिन यांची सत्त्वपरीक्षा

पूर्वी पावसाळ्यात विहिरींत घाण झिरपे आणि गावोगाव पटकीची साथ येई. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस जुलाब आणि वांत्यांनी सायंकाळपर्यंत गतप्राण होई. मराठवाड्यात काय किंवा देशावर काय, भयभीत झालेले लोक मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. दुसरा उपाय त्यांना ठाऊक नव्हता. मुलांनो, या रोगावरील लस घेऊन जे संशोधक आपल्या देशात आले, त्यांचे नाव वॉल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉव्ह या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. परंतु ज्यू असल्यामुळे त्यांना प्राध्यापकाची जागा मिळेना, आणि त्यासाठी धर्म बदलणे त्यांना मान्य नव्हते. अखेर देश सोडून १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे त्यांना काम मिळाले ते ग्रंथालयातील साहाय्यकाचे. ते काम सांभाळून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात शुद्ध स्वरूपात वेगळा केला होता. परंतु प्रयोगशाळेत वाढविलेल्या या जंतूंचे बळ सारखे राहत नसे. कधी ते जहाल असत, तर कधी निस्तेज. अशा जंतूंच्या लशीवर भरवसा कसा ठेवावा? हाफकिन यांनी ते जंतू एका गिनीपिगच्या उदरात टोचले. त्याच्यातून काढून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला, असे टोचीत नेले. किती मात्रेने प्राणी किती वेळात दगावतो, यावरून जंतूंचा जहालपणा कळे. ३९ प्राण्यांतून गेल्यावर तो सुमारे वीसपट झाला आणि स्थिरावला. उलट, ३९ अंश सेल्सिअस उष्णतेत, हवेच्या झोतात वाढविलेले जंतू सौम्य झाले. आधी सौम्य आणि काही दिवसांनी जहाल जंतू कातडीखाली टोचले, की प्राणी पटकीला दाद देत नसे.

माणसाला मात्र ही लस सोसेल काय? दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्यापूर्वी हाफकिन यांनी १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा ठणकू लागली. त्यांनी सर्व शांतपणे टिपून ठेवले आणि सहा दिवसांनी जहाल लसही टोचून घेतली.

मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले. लोक सुईला बिचकत; तेव्हा ते लोकांदेखत स्वतःला टोचून घेत. १८९४ साली तेथील काट्टल बागान वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना त्यांनी लस दिली. पुढे तेथे १० जणांना पटकी झाली. ते सर्व लस न घेतलेले होते.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत हाफकिन यांनी तीन महिने खपून प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःवर आजमावली.

परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. दोष हाफकिन यांच्या माथी आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. पुढे कळले, की बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू मांडल्यावर १९०७ साली ते निर्दोष ठरले. त्यानंतर त्यांनी पुन्हा कलकत्त्यास येऊन काम केले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज पटकीची लस तोंडाने दिली जाते, आणि स्वच्छ पाण्याचे महत्त्वही सर्वांना पटले आहे. हाफकिन यांची टोचणी आता मागे पडली. परंतु मुंबईत परळ येथील ज्या प्रयोगशाळेचा त्यांनी पाया घातला, तिला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. जंतूंचे बळ त्यांनी प्राण्यांवर पारखले. लशीची पारख मात्र आधी स्वतःवर केली.