नगरपालिकेतले महात्मा फुले

दर वर्षी ११ एप्रिलला आपण महात्मा फुले यांची जयंती साजरी करतो. त्यांनी व सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्या पहिलीतल्या मुलांनाही पाठ आहे. पण जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, हे मला यंदाच समजले. त्याचीच माहिती मी येथे लिहिते आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. वडिलांचे नाव गोविंदराव. घरी फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा होता. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. शहरात पाणी कोणाला मिळतं आणि कोणाला नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते बांधकामाची कंत्राटेही घेत. त्यामुळे सरकारी कामात पैसा कुठे मुरतो, तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१८७६ साली सरकारने त्यांना नगरपालिकेवर नेमले. सरकारनेच नेमलेला सभासद सरकारविरुद्ध कसा बोलणार? पण जोतीराव बोलले! व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करावेत, असा ठराव आला. त्या काळी हजार रुपये म्हणजे केवढे तरी! हा पैसा गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणाला लावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. बाकीच्या सभासदांनी ठरावाला मत दिले. विरोधात एकटे जोतीराव. ठराव मंजूर झाला, पण ते डगमगले नाहीत.

१८८० साली त्यांनी शहरातल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले. एकीकडे लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करायचा आणि दुसरीकडे दारूची दुकाने वाढू द्यायची, हे त्यांना पटत नव्हते.

नगरपालिकेचा पैसा यायचा कुठून? खेड्यातला शेतकरी भाजीची गाडी घेऊन शहरात गेला की त्याला जकात द्यावी लागे. आपल्यासारख्यांच्या घामाचाच तो पैसा! आता ती जकात राहिलेली नाही. पण जोतीरावांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात तिच्याविषयी कळकळीने लिहिले आहे.

नगरपालिकेने मोठी मंडई बांधायचे ठरवले, तेव्हाही इमारतीपेक्षा शिक्षणावर खर्च करा, असा त्यांचा आग्रह होता. मंडई झालीच. १८८६ साली ती सुरू झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. गंमत अशी, की आज तीच मंडई महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. साहेबाचे नाव गेले आणि हिशेब विचारणाऱ्याचे राहिले.

१८८८ साली मुंबईत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मला वाटते, मत हरले तरी विचारलेला प्रश्न वाया जात नाही. आपल्या गावातही ग्रामसभा भरते. आईबाबांनो, तुम्ही तिथे जरूर जा, आणि पैसा कशावर खर्च झाला ते विचारा. एकटे असलात तरी विचारा!