प्रवाशाचे उरलेले रोजे

रमजानचे रोजे प्रत्येक सज्ञान, धडधाकट मुसलमानावर फर्ज, म्हणजे बंधनकारक आहेत. त्यातून आजारी माणसाला आणि प्रवाशाला मात्र सवलत आहे. कुरआनने ही सवलत देताना एक अटही घातली आहे. जितके रोजे सुटले, तितके पुढे मोजून पूर्ण करायचे. त्याला ‘कजा’ म्हणतात. सफरीत सूट मिळते, पण घरी आल्यावर हिशेब पुरा करावाच लागतो. पैगंबरांची (स.) आणखी एक शिकवण हदीसमध्ये आहे. प्रवासात झोपेची आणि खाण्यापिण्याची आबाळ होते, म्हणून काम उरकले की माणसाने लवकर आपल्या घरच्यांकडे परतावे.

या दोन गोष्टी वाचताना मला आपल्या पुण्यातले एक जुने प्रवासी आठवतात. ते मुसलमान नव्हते. जन्माने गोव्यातले सारस्वत, वृत्तीने बौद्ध आणि काही काळ फर्ग्युसन कॉलेजात पाली भाषेचे प्राध्यापक. त्यांचे नाव धर्मानंद कोसंबी. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी हे त्यांचे चिरंजीव.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण जेमतेमच. लहान वयात लग्न झाले आणि घरच्या नारळीच्या बागांचे काम गळ्यात पडले. अशात ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी ध्यास घेतला. हा धर्म मुळातून शिकायचा आणि त्यासाठी लागेल तिथे जायचे. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बालाबाई आणि काही महिन्यांची मुलगी माणिक राहिली.

पहिला मुक्काम पुणे. संस्कृतशिवाय पुढची वाट नाही हे ओळखून त्यांनी इथे अभ्यास सुरू केला. डॉ. रा. गो. भांडारकरांचा आधार मिळाला. पुढे ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत पक्के केले. १९०२ साली ते नेपाळात पोहोचले. तिथे जिवंत बौद्ध धर्म भेटेल अशी मोठी आशा होती, पण जे दिसले त्याने निराशा झाली. एवढे हाल काढून आलो, तर आता इथलेच गोड मानून घेऊ, असा विचार अनेकांनी केला असता. धर्मानंदांनी केला नाही. ते बुद्धगयेला आले आणि तिथून कलकत्तामार्गे थेट श्रीलंकेत गेले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांकडे त्यांचे पालीचे शिक्षण सुरू झाले. अंगावर श्रामणेराची वस्त्रे आली. भाषा परकी, लिपी परकी, जेवण मानवेना, प्रकृती बिघडे. तरी पाली हाती आली. त्यानंतर ब्रह्मदेश झाला, आणि मधल्या काळात सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी. नुसती स्थळे पाहायला गेलेला माणूस इतके सोसत नाही. प्रत्येक देशाकडून काय शिकायचे हे त्यांनी आधी ठरवलेले असे, आणि ते शिकून झाले की पुढे निघत.

१९०६ च्या आरंभी ते ब्रह्मदेशातून कलकत्त्याला आले. भिक्षूचा वेष उतरवून गृहस्थ झाले आणि त्याच वर्षी गोव्यात जाऊन सुमारे सात वर्षांनी पत्नीला भेटले.

इथे थोडे थांबावे लागते. हजला निघणाऱ्याने आधी देणी फेडावीत, घरच्यांच्या खर्चाची तजवीज करावी, दुखावलेल्यांची माफी मागावी आणि मगच उंबरठा ओलांडावा, असा दंडक आहे. या कसोटीला धर्मानंदांचे घर सोडणे उतरत नाही. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. ज्ञानाच्या त्या प्रवासाचे भाडे बालाबाईंनीही भरले. मला धर्मानंद मोठे वाटतात ते परतल्यानंतरच्या वागण्यामुळे.

कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याचे चांगले काम त्यांना मिळाले होते. पण आपण शिकलो ते मराठी माणसाच्या उपयोगी पडावे, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून लेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्याच्या पगारापुढे ही रक्कम फारच लहान होती. धर्मानंदांनी तीच पत्करली.

१९१० साली ते अमेरिकेला, हार्वर्ड विद्यापीठात गेले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम तिथे अपुरे पडले होते. श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात शिकलेल्या लिपी आता कामी आल्या. पण ग्रंथावर श्रेय कोणाचे, यावरून तिथल्या वरिष्ठ प्राध्यापकांशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परत आले. याच कामासाठी पुढेही त्यांनी अमेरिकेच्या वाऱ्या केल्या. १९२९ साली रशियात लेनिनग्राडलाही गेले. मात्र कुठेही कायमचे स्थिरावले नाहीत. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० साली निघाली, तेव्हा ते हयात नव्हते.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे पुण्याच्या वाट्याला आली. फर्ग्युसनच्या वर्गात त्यांच्यापुढे बसलेल्या विद्यार्थ्यांतून पु. वि. बापटांसारखे बौद्ध विद्येचे पंडित तयार झाले. ‘चिमणराव’ लिहून महाराष्ट्राला हसवणारे चिं. वि. जोशीही त्यांच्याकडेच पाली शिकले. पुढे धर्मानंदांनी मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगवास सोसला, मुंबईत परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजन विहार’ उभारला आणि ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ साध्या मराठीत लिहिला. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांचे निधन झाले.

आज पुण्यात घरटी एक तरी मूल परदेशात आहे. रमजानमध्ये उमऱ्याला जाणाऱ्यांचीही गर्दी असते. उमऱ्याहून आलेला माणूस जमजमचे पाणी आणि खजूर आणतो आणि शेजारीपाजारी वाटतो. त्यात शेजाऱ्याचा धर्म विचारला जात नाही. धर्मानंदांनी आणलेली पालीही तशीच, येईल त्याला वाटली गेली. परदेशी गेलेले प्रत्येक मूल परत येईलच असे नाही, आणि येण्याची सक्तीही कोणी करू नये. पण जिथे गेलो तिथून काय शिकलो आणि आपल्या गैरहजेरीत घरी कोणी काय सोसले, हे दोन प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावेत.

ईद झाली की ज्यांचे रोजे सफरीत सुटले, ते आपले राहिलेले दिवस मोजून कजा रोजे धरू लागतील. धर्मानंद १९०६ साली परतले आणि पुढची चाळीस वर्षे, शेवटपर्यंत, राहिलेले पुरे करीत होते.