पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : जीर्णोद्धाराचा आदर्श

आपल्या गावच्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या श्रमाने आणि दानशूर मंडळींच्या सढळ हाताने पूर्णत्वास गेला, ही आपणा सर्वांच्या भाग्याची गोष्ट आहे. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत कोणाचे चरित्र यावे, असा विचार केला तर एकच नाव डोळ्यांपुढे उभे राहते. काशीपासून रामेश्वरापर्यंत आणि सोरटी सोमनाथापासून जगन्नाथपुरीपर्यंत जिच्या हातून देवळे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या, ती माउली म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर.

त्यांचे चरित्र आपण कीर्तनातून, शाळेच्या पुस्तकातून थोडेबहुत ऐकले-वाचले आहे. प्रस्तुत लेखक तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा साधा माणूस आहे. कागद, पावती आणि जमाखर्च यांतच त्याचा दिवस जातो. त्यामुळे या चरित्राची जी बाजू कीर्तनात फारशी येत नाही, ती त्यास अधिक जवळची वाटते. ती बाजू म्हणजे बाईंचा चोख हिशेब आणि देऊळ बांधून झाल्यावर त्यामागे लावून दिलेली व्यवस्था.

चौंडीची लेक

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आज जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. घर साधे, शेतकऱ्याचे. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नसलेल्या त्या काळात माणकोजींनी लेकीला लिहावाचायला शिकवले. आज पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जाणाऱ्या आपल्या गावच्या मुलींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे या मुलीने जो कारभार केला, त्याचा पाया त्या अक्षरओळखीत होता.

चौंडीच्या देवळात मल्हारराव होळकरांची नजर या मुलीवर पडली व त्यांनी तिला सून करून घ्यायचे ठरवले, असे परंपरेने सांगतात. १७३३ साली मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मल्हारराव म्हणजे मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमांचे मोठे सेनापती. सासूबाई गौतमाबाई करारी आणि व्यवहारी. या दोघांच्या हाताखाली सून तयार झाली. १७४५ साली मालेराव हा मुलगा झाला आणि १७४८ साली मुक्ताबाई ही मुलगी.

मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्यादेवी सती जाण्यास निघाल्या. म्हाताऱ्या मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली आणि त्या मागे फिरल्या. त्यांच्यावर अवलंबून असलेले घर आणि रयत त्यांना त्या दिवशी सरणापेक्षा मोठी वाटली. पुढे मल्हाररावांनी त्यांच्यावर कारभाराची जोखीम टाकली. मोहिमेवर असताना ते सुनेला तोफा आणि दारूगोळ्याच्या व्यवस्थेबद्दल पत्रे लिहीत. देव्हाऱ्यापुढे बसणारी ही बाई तोफखान्याचाही हिशेब ठेवी.

दुःखावर दुःख, तरी कारभार चोख

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव वारले. गादीवर आलेले मालेराव वर्षभराच्या आत, १७६७ साली गेले. पती, सासरे आणि मुलगा असे तिघे गेल्यावर घरात राज्य चालवणारा पुरुष उरला नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा आग्रह होता, की मूल दत्तक घ्यावे आणि बाईंनी बाजूला बसावे. त्यांनी राघोबादादांना फौजेसह बोलावलेही. अहिल्यादेवी डगमगल्या नाहीत. त्यांनी लढाईची तयारी केली, शिंदे-गायकवाडांसारख्या सरदारांना पत्रे धाडली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे आपला हक्क मांडला. बायकांशी लढून हरलो तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही आणि जिंकलो तरी त्यात मोठेपणा नाही, हे राघोबादादांना त्यांनी बरोबर समजावून दिले. दादांना समाचारास आल्याचे निमित्त सांगून परतावे लागले. पेशव्यांनी बाईंचा अधिकार मान्य केला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार बाईंकडे, अशी वाटणी झाली व ती जवळजवळ तीस वर्षे चालली.

नर्मदाकाठच्या महेश्वर येथे त्यांनी राजधानी केली. पहाटे उजाडण्यापूर्वी उठणे, स्नान-पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि साधे जेवण. दुपारी कचेरी सुरू होई ती संध्याकाळपर्यंत. मग पुन्हा पूजा, थोडा फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत परत कागद. पडदा नाही, दागिना नाही, अंगावर पांढरे वस्त्र. कोणाही रयतेने यावे आणि गाऱ्हाणे सांगावे. कचेरीत काम करणाऱ्या माणसाला या दिनक्रमाचे मोल अधिक कळते. निकाल उद्यावर टाकला की गरिबाचा एक हेलपाटा वाढतो, हे त्या जाणून होत्या.

त्या काळी एखादा सावकार निपुत्रिक वारला की त्याची दौलत सरकारात ओढण्याची चाल होती. बाईंनी तसे होऊ दिले नाही. विधवेला दत्तक घेण्याची मोकळीक दिली. स्वतःहून दौलत आणून देणाऱ्या विधवांनाही ती परत करून लोकोपयोगी कामाला लावण्यास सांगितले. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. त्यांना आधी धाकात घेतले, मग डोंगरातून जाणाऱ्या मालावर ठरावीक लहानसा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला आणि मोबदल्यात वाटेची राखण त्यांच्यावरच सोपवली. इंदूर हे तेव्हा लहानसे गाव होते, ते त्यांच्या कारकिर्दीत भरभराटीस आले. महेश्वरला विणकर वसवले. त्यांच्या हातमागावरची महेश्वरी साडी आजही आपल्या लेकीबाळी हौसेने नेसतात.

पडलेल्या देवळांची माय

आता आपल्या प्रसंगाला धरून असलेला भाग. काशीचे मूळ विश्वनाथ मंदिर १६६९ साली औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेले. त्यानंतर शंभरावर वर्षे गेली. अनेकांच्या मनात होते, पण काम कोणाच्या हातून झाले नाही. अहिल्यादेवींनी १७८० साली जुन्या जागेच्या शेजारी नवे मंदिर उभे केले. आज काशीयात्रेला जाणारी मंडळी ज्या विश्वेश्वराचे दर्शन घेतात, ते हेच देऊळ. त्याच्या शिखरावरचे सोने पुढे पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी दिले. २०२१ साली मंदिराचा परिसर मोठा करण्यात आला, तेव्हा तेथे अहिल्यादेवींचा पुतळाही बसवण्यात आला. दर्शनाच्या रांगेत उभे असताना आपल्या चौंडीच्या या लेकीला एक नमस्कार अवश्य करावा.

सोमनाथाचे देऊळ अनेकदा पडले व अनेकदा उठले. १७८३ साली त्यांनी मूळ भग्न देवळापासून थोड्या अंतरावर नवे देऊळ बांधले आणि देवाचे लिंग तळघरात सुरक्षित बसवले. स्वातंत्र्यानंतर मूळ जागी मोठे मंदिर झाले आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे प्रतिष्ठा झाली. मधल्या पावणेदोनशे वर्षांत सोमनाथाची पूजा बाईंच्या देवळात चालू राहिली. ते जुने देऊळ आजही तेथे आहे. यात्रेकरूंनी मोठे मंदिर पाहून परत न फिरता तेथेही जावे. गयेला ज्या विष्णुपद मंदिरात आपण पितरांचे पिंड वाहतो, तेही त्यांनी १७८७ साली नव्याने बांधून घेतले.

काशी, सोमनाथ आणि गया यांपैकी एकही ठिकाण होळकरांच्या मुलखात नव्हते. आपल्या हद्दीबाहेर, दुसऱ्यांच्या अमलाखाली ही कामे झाली. त्यासाठी बाईंनी फौज धाडली नाही. माणसे धाडली, पैसा धाडला, कारागीर धाडले आणि वर्षानुवर्षे चिकाटी धरली.

आपल्या जवळचे उदाहरण वेरूळच्या घृष्णेश्वराचे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी त्याचा जीर्णोद्धार केला होता. पुढे होळकर घराण्यातील गौतमाबाई व अहिल्यादेवी या सासूसुनांनी ते काम पुन्हा हाती घेतले. यावरून एक गोष्ट उघड होते. जीर्णोद्धार एकदा करून संपत नाही. प्रत्येक पिढीला आपली पाळी घ्यावी लागते.

पैसा कोणाचा आणि मागची व्यवस्था काय

एवढा खर्च झाला तो कोठून? रयतेवर पट्टी बसवून का? नाही. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर करून दिली होती. सरकारी दौलत वेगळी आणि ही खासगी वेगळी. गौतमाबाईंच्या मागे ती अहिल्यादेवींकडे आली. दानधर्म आणि देवळे यांचा खर्च त्यांनी या खासगीतून केला. फौजेचा आणि राज्याचा खर्च राज्याच्या वसुलातून. एका थैलीतला पैसा दुसऱ्या थैलीत जाऊ दिला नाही. राघोबादादांनी पैसा मागितला, तेव्हा हा पैसा तुळशीपत्र ठेवून धर्माला वाहिलेला आहे, हवा असेल तर दान म्हणून घ्यावा, असे त्यांनी कळवल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. देवाचा पैसा म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. कळस चढला की काम संपले असे बाईंनी कधी मानले नाही. पूजा, नैवेद्य आणि दिवाबत्ती यांसाठी जमिनी लावून दिल्या, वर्षासने बांधून दिली. दूर दक्षिणेतल्या देवस्थानांना गंगाजल पोहोचवण्याची सोय केली. देवळाजवळ यात्रेकरूला उतरायला धर्मशाळा, जेवायला अन्नछत्र, प्यायला विहीर किंवा बारव, नदीवर उतरायला घाट. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी वाटेवर पाणी. थंडीत गरिबांना कपडे. महेश्वरच्या आसपास ऐन उन्हात नांगर धरलेला शेतकरी असे, तेव्हा बाईंचा माणूस त्याचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजी. पाखरांना शेतातून कोणी हाकलू नये म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी सोडलेली असत. देवळातल्या पिंडीवर पाणी आणि दारातल्या बैलाला पाणी, यांत त्यांनी भेद केला नाही.

व्यवस्था लावून दिलेली होती म्हणूनच ती टिकली. १९४८ साली होळकरांचे संस्थान विलीन झाले. तरी बाईंच्या देवस्थानांचे व धर्मादायांचे पाहण्यासाठी १९६२ साली खासगी ट्रस्ट स्थापन करावा लागला, इतके ते काम जिवंत होते.

अखेर

म्हातारपणीही दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. नातू गेला, पाठोपाठ जावई यशवंतराव फणसे गेले आणि १७९१ साली मुक्ताबाई सती गेली. ज्या आईला सासऱ्याने सरणावरून मागे फिरवले होते, तिला आपल्या लेकीला फिरवता आले नाही. पदर पसरून विनवले, उपयोग झाला नाही. तीन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही. मग उठल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तो त्यांनी ऐकून घेतला आणि नर्मदेत सोडायला लावला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. वय ७० वर्षांचे होते. २०२५ साली त्यांच्या जन्मास ३०० वर्षे झाली. त्याआधी २०२४ साली त्यांच्या जन्मजिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, या चरित्रातून आपण काय घ्यावयाचे? तालुक्यात कामानिमित्त फिरताना नवा रंग लावलेली, संगमरवरी फरशी बसवलेली आणि दोन-चार वर्षांत दिव्याला वात नसलेली देवळे दिसतात. वर्गणीच्या हिशेबावरून भावाभावांत अबोला धरलेली गावेही दिसतात. आपल्या गावावर ती वेळ येऊ नये. धर्मादाय कार्यालयास दाखवायचा हिशेब तर ठेवावाच लागतो. पण दर महाशिवरात्रीस सालाचा जमाखर्च सभामंडपात मोठ्याने वाचून दाखवावा आणि फळ्यावर लिहून ठेवावा, अशी नम्र सूचना आहे. अकरा रुपये देणारी म्हातारी आणि एक लाख देणारा दाता यांची नावे एकाच वहीत आहेत. हिशेब विचारण्याचा हक्कही दोघांचा सारखाच आहे. दिवाबत्तीसाठी काही रक्कम कायम ठेव म्हणून बाजूला काढावी. देवळामागची विहीर दगडमातीने बुजत चालली आहे, ती पावसाळ्यापूर्वी उपसावी. जत्रेला येणारा माणूस आणि त्याच्याबरोबरचे जनावर तहानलेले परत जाऊ नये.

एवढे झाले, तर आपण केलेला जीर्णोद्धार अहिल्यादेवींच्या वाटेवरचा होईल. तशी बुद्धी आणि एकी आपणा सर्वांस लाभो, हीच श्रीशंकराच्या चरणी प्रार्थना.