वॉलेस कॅरोथर्स

वॉलेस ह्यूम कॅरोथर्स (जन्म : २७ एप्रिल १८९६, बर्लिंग्टन, आयोवा, मृत्यू : २९ एप्रिल १९३७, फिलाडेल्फिया) हे अमेरिकन सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. नायलॉनचे जनक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. वनस्पतिजन्य शर्करेपासून तयार होणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्ल या जैवविघटनशील प्लॅस्टिकच्या इतिहासातही त्यांच्या संशोधनाला मूलभूत स्थान आहे.

बालपण व शिक्षण

चार भावंडांत वॉलेस थोरले होते. त्यांचे वडील डे मॉइन येथील वाणिज्य महाविद्यालयात अध्यापक होते. तेथे हिशेबलेखन शिकून वॉलेस १९१५ मध्ये मिसूरीतील टार्किओ महाविद्यालयात दाखल झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक संस्था सोडून गेले, तेव्हा विद्यार्थिदशेतच तो विषय शिकविण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९२४ मध्ये त्यांनी पीएच.डी. संपादन केली. १९२६ पासून ते हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करीत होते.

बहुवारिकांचे संशोधन

१९२८ मध्ये ते विल्मिंग्टन येथील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. तरुणपणापासून नैराश्याचे झटके येत असल्याने हे पद स्वीकारताना ते साशंक होते. रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ लहान रेणूंचे पुंजके आहेत की खरोखरच प्रचंड रेणू आहेत, हा त्या काळी वादाचा विषय होता. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान श्टाउडिंगर यांनी दुसरा पक्ष मांडला होता. कॅरोथर्स यांनी साधे रेणू परिचित रासायनिक बंधांनी एकेक करून जोडत लांब साखळ्या तयार केल्या आणि श्टाउडिंगर यांच्या मताला भक्कम प्रायोगिक आधार दिला. एप्रिल १९३० मध्ये त्यांच्या गटातील आर्नल्ड कॉलिन्स यांना कृत्रिम रबर (निओप्रीन) मिळाले, तर ज्युलियन हिल यांनी १२,००० हून अधिक रेणुभाराच्या पॉलिएस्टरचे धागे ओढून दाखविले.

पॉलिलॅक्टिक आम्ल

दह्याला आंबटपणा आणणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू जोडले जाऊन लॅक्टाइड हे वलयाकार संयुग बनते. तापविल्यावर ही वलये उघडून एकमेकांना जोडली जातात व साखळी तयार होते, हे कॅरोथर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखविले. मात्र या मार्गाने मिळालेल्या बहुवारिकाचा रेणुभार कमी होता. या गटाने तयार केलेली अन्य पॉलिएस्टरेही कमी तापमानाला वितळत आणि गरम पाण्यात टिकाव धरत नसत. वस्त्रोद्योगाला टिकाऊ धागा हवा असल्याने संशोधनाचा रोख पॉलिअमाइडांकडे वळला व २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन तयार झाले.

अखेरचे दिवस

१९३६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. औद्योगिक प्रयोगशाळेतील सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला मिळालेला हा पहिलाच मान होता. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. तथापि नैराश्य बळावत गेले आणि जानेवारी १९३७ मध्ये धाकट्या बहिणीच्या निधनाने ते अधिकच खचले. वयाच्या एकेचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या कन्येचा जन्म त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये झाला. नायलॉनची जाहीर घोषणा १९३८ मध्ये झाली.

वारसा

ड्यूपाँ कंपनीने १९५४ मध्ये उच्च रेणुभाराच्या पॉलिलॅक्टिक आम्लाचे एकस्व मिळविले. पाण्याच्या संपर्कात साखळी तुटणे हा धाग्यातील दोष शस्त्रक्रियेत गुण ठरला. लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांच्या सहबहुवारिकाचे, शरीरात आपोआप विरघळणारे टाके १९७० च्या दशकात वापरात आले. २००२ मध्ये आयोवाशेजारच्या नेब्रास्का राज्यातील ब्लेअर येथे मक्याच्या शर्करेपासून या प्लॅस्टिकचे वार्षिक १,४०,००० टन क्षमतेचे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्रात जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीज या कंपनीचा जैवबहुवारिकांचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. हे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या औद्योगिक खतप्रकल्पात लवकर विघटित होते. सामान्य माती वा समुद्रात मात्र ते दीर्घकाळ टिकून राहते. त्यामुळे त्याचा लाभ कचऱ्याच्या योग्य वर्गीकरणावर अवलंबून असतो.