गाठीच्या तापाचे नाव सांगणारा वैद्य

वारीच्या वाटेवर विहिरी-टाक्यांचे पाणी तपासणारे आरोग्यखात्याचे लोक आपल्याला नेहमी भेटतात. काहींना ती उगीचची कटकट वाटते. गंगापूर-पैठणाकडून दिंडीत निघणारी भाविक मंडळी तरी तसे न म्हणोत, म्हणून आम्ही आज डॉ. अकासियो व्हिएगस यांचे चरित्र थोडक्यात सांगतो.

यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १८८० साली डॉक्टर झाले आणि १८८८ पासून म्युनिसिपालिटीचे सभासद होते. धर्माने ख्रिस्ती, दवाखाना मांडवीत. मांडवी म्हणजे बंदरालगतची वस्ती. धान्याच्या वखारी, त्यांत उंदरांचा सुळसुळाट, वर कोंदट चाळी नि तुंबलेली गटारे!

सप्टेंबर १८९६ मध्ये नवरोजी हिलच्या वस्तीत तापाचे रोगी त्यांच्या पाहण्यात आले. जांघेत-काखेत गाठ यायची आणि चार दिवसांत माणूस जायचा. हा गाठीचा प्लेग आहे, असे डॉक्टरांनी उघड सांगितले. सांगणे सोपे नव्हते. मुंबईचा सारा व्यापार जहाजांवर. प्लेगचे नाव निघाले की परदेशची बंदरे बंद व्हायची. पुष्कळांना ते निदान नकोसेच होते. पण पुढे तज्ज्ञांनी तपासून तेच खरे ठरवले.

मग धास्ती पसरली. लाखो माणसे शहर सोडून गेली. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरे धुणे, चुना मारणे, गटारांत औषध ओतणे, रोग्याला उचलून नेणे, सगळे सुरू झाले. यात्रांवर निर्बंध आले, स्टेशनांवर उतारूंची तपासणी होऊ लागली. सोजीर घरात शिरले तेव्हा लोकांनी रोगी लपवले. पुण्यात त्या जाचातूनच २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. त्याच पुण्यात १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. सफाई तीच, पण एकीकडे धाक होता, दुसरीकडे माया होती.

शिवाय केवळ चुन्याने प्लेग हटणारा नव्हता. उंदरावरच्या पिसवेतून तो माणसाला होतो, हे १८९८ साली फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी कराचीत दाखवले. व्हिएगस मात्र आधीपासूनच वस्त्या साफ करा, उंदीर मारा म्हणून झटत होते. हाफकिन यांची लस निघाल्यावर त्यांनी स्वतः सुमारे १८,००० लोकांना टोचल्याचे सांगतात. घाबरलेला माणूस हुकुमापेक्षा ओळखीच्या वैद्याच्या शब्दाने लवकर हात पुढे करतो, नाही का?

१९०६ साली ते मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, १९३३ साली निवर्तले. धोबीतलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

तेव्हा मुक्कामी कुणी पाणी तपासायला आला, तर त्याला आधी विहीर दाखवावी, मग चहा द्यावा. आणि दिंडीत कुणाला जुलाब-ओकारी झाली तर लाजेने झाकू नये. वेळेवर सांगितले तर एकट्याचे दुखणे साऱ्या दिंडीचे होत नाही. तपासणाऱ्यांनीही वारकऱ्याशी दोन शब्द गोडीने बोलावे, एवढीच आमची विनंती.